बुजवलेलं सवणं

भर दुपारी आमच्या माजघरात चिमणी पेटवून काम चालायचं. अंगणात डोळे दिपवणारं ऊन पडलेलं असायचं आणि आत माय एका हातात चिमणी धरून दुसऱ्या हातानं गोवऱ्या काढायची. त्या दिवशी चिमणीतलं रॉकेल संपलं होतं. स्वयंपाक तर खोळंबलेला. मायनं अंदाजानं टोपल्यात हात घातला आणि "माय गं" म्हणून जागीच बसली.

विंचू होता. मी तिला दंडाला धरून ढाळजेत, म्हणजे आमच्या पुढच्या सोप्यात, उजेडाला आणलं. बोट काळंनिळं पडायला लागलं होतं. मी चिंधीनं तिचा दंड आवळून बांधला. शेजारची म्हातारी आली, तिनं कांदा ठेचून लावला. कुणीतरी मंत्र घालणाऱ्याला बोलावलं, त्यानं राख फुंकली आणि चहा पिऊन गेला. माय दिवसभर ओठ दाबून तळमळत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा त्याच अंधारात, त्याच चुलीपुढं जाऊन बसली. हात सुजून एवढा झालेला, तरी डाव्या हातानं भाकरी थापायलीय.

मला ते बघवेना. मी तशीच ढाळजेत गेले. आण्णा, म्हणजे माझे वडील, पानाला चुना लावत बसले होते. मी म्हणाले, "आण्णा, सवणं उघडा."

आमच्याकडची घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गार आणि थंडीत ऊब, सगळं खरं, पण माजघराला खिडकी म्हणून नाही. तीन बाजूंनी भाऊबंदांची घरं चिकटलेली, भिंतीला भोक पाडायचं तर ते दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात निघायचं. म्हणून छतालाच एक मोकं ठेवतात, परातीएवढं. त्यातून उजेड आत येतो आणि चुलीचा धूर बाहेर जातो. त्याला सवणं म्हणायचं. पावसाळ्यात वर फरशी झाकायची, पाऊस संपला की काढायची. गावातल्या प्रत्येक घराला सवणं होतं. आमच्याही घराला होतं. मी लहान असताना त्याच्याखाली बसून पाटीवर बाराखडी गिरवली आहे. उन्हाचा तुकडा सकाळी मडक्यांच्या उतरंडीवर असायचा, दुपारी जात्यावर यायचा, आणि मायला वेळ कळायला घड्याळ लागायचं नाही.

मग एका उन्हाळ्यात आण्णांनी गडी लावून ते बुजवलं. वर फरशी टाकली, फरशीवर माती टाकली, माती चोपून सपाट केली. गळतंय म्हणाले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, फरशी काही निघाली नाही. माझी शाळाही त्याच वर्षी सुटली, त्यामुळं मी आणि माय दोघी त्या अंधारात कायमच्या भरती झालो.

तर मी सवणं उघडा म्हणाले, आणि आण्णा म्हणाले, "गळतंय ते."

"आत्ता कुठं पाऊस हाय?"

"पाऊस काय सांगून येतोय व्हय? बघू सुगी झाल्यावर."

सुगी झाल्यावर म्हणाले संक्रांत होऊ द्या. संक्रांतीला म्हणाले गडी मोकळा नाही. माझे वडील स्वभावानं देवमाणूस होते असं गावातले लोक अजून सांगतात. लोकांचं काय जातंय, लोक ढाळजेत बसायचे. गावात लाईट आली तेव्हा आण्णांनी घरात एकच बल्ब घेतला आणि तो ढाळजेतच लावला, कारण तिथं चार माणसं येऊन बसतात. आत आम्ही दोघी बसतो ती माणसं नव्हेत का, असं मी एकदा विचारलं होतं. जीभ लई लांब झालीय, एवढंच उत्तर मिळालं.

कुणी म्हणेल, एवढं होतं तर स्वतः वर चढून फरशी काढायची. चढले होते. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर असतानाच आण्णांनी खाली ओढलं. आमच्या घराण्यातल्या बायका शेतात जात नाहीत, आडावर जात नाहीत आणि माळवदावर चढत नाहीत, ह्याचा आण्णांना भारी अभिमान. शेजारच्या बायका माळवदावर पापड घालायच्या, मिरच्या वाळवायच्या, एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. आमच्या मिरच्या गडी वाळवायचा. माय लग्न होऊन आली ती त्या माजघरातच. माहेराला गेली तर गाडीला पडदा. बाईला चार भिंतीत ठेवायचं आणि त्या चार भिंतीत उजेडही येऊ द्यायचा नाही, ह्याला अब्रू म्हणतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि आज साठी उलटली तरी कळलेलं नाही.

माघात गोजर आत्या आली. आण्णांची थोरली बहीण. लग्नं जुळवण्यात तिचा हात कुणी धरत नसे. दोन्हीकडच्या खोडी तिला पाठ असायच्या आणि कोणती खोड कोणापासून कशी लपवायची हेही पाठ असायचं. आण्णा साऱ्या गावाशी भांडतील, पण गोजर आत्यापुढं मान वर करत नसत. तिनं माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा तालुक्याच्या शाळेत मास्तर, घरी बागायती, सासू-सासरे देवभोळे. सगळं चांगलं होतं. मला लग्न नको होतं असंही नाही. त्या अंधारातून सुटायची दुसरी वाट मला दिसत नव्हती.

आत्यानं आल्याआल्या सगळं घर ताब्यात घेतलं. ढाळजेत सतरंजी टाकून ठेवली होती ती तिनं उचलायला लावली. बघायचा कार्यक्रम माजघरात करायचा म्हणाली.

माय जरा चाचरतच म्हणाली, "वन्सं, तिथं अंधार हाय."

"अंधार न्हाई त्यो, सावली हाय. घरंदाज घर असंच असतंय. ढाळजेत येनाऱ्या-जानाऱ्याच्या नजरा, पोरगी बावरती."

मला वाटलं, चला, आता तरी जमेल. मी म्हणाले की पाहुणे आत बसणार असतील तर सवणं उघडूनच घेऊ, धूर कोंडून त्यांचे डोळे चुरचुरायला नकोत. आत्यानं आण्णांकडं बघितलं आणि आण्णांनी आत्याकडं. मग आत्या म्हणाली, चूल सकाळीच विझवू, चहा-पोहे शेजारच्या म्हातारीच्या चुलीवर करू, धुराची भानगडच नको. आण्णा पान थुंकायला म्हणून बाहेर गेले. त्या दोघांच्या बघण्यात काहीतरी होतं एवढं मला कळलं, पण काय होतं ते कळलं नाही.

पाहुणे यायच्या दिवशी आत्या मला पुढ्यात घेऊन बसली. वेणी घातली, तिची स्वतःची मोहनमाळ माझ्या गळ्यात घातली आणि मग पावडरचा डबा काढला. पहिला थर झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला मला शिंक आली. चिमणी शेजारी ठेवली होती तरी तिला माझं नाक नीट सापडत नव्हतं.

मी वैतागले. "आत्या, एवढी पावडर कशाला? इथं दिसतंय कुणाला?"

आत्या हसली. चेष्टेनं नाही, मायेनंच हसली, ते मला आजही जास्त लागतं. माझी हनुवटी धरून म्हणाली, "दिसत न्हाई तेच बरंय, बाळा. तू कशाची काळजी करूच नको. तुझ्या बापानं येळेवर शानपना केला. तुला न्हाण आलं त्याच उन्हाळ्यात मी त्याला सांगितलं, व्यंकट, पोरीचा रंग तिच्या मायवर गेलाय, आधी ते सवणं बुजवून घे. बघ आता, भर दुपारी बशिवलं तरी गव्हाळ दिसतीस."

मी विचारलं, "गळत नव्हतं?"

"गळतंय कशाचं. दगडासारखं माळवद हाय."

माय दारात उभी होती. हातात पोह्याचं पातेलं. तिनं सगळं ऐकलं होतं. चार वर्षं ती बिचारी "गळतंय म्हनत्यात तर असंल" म्हणत आली होती. चार वर्षं चिमणीची काजळी तिच्या नाकातोंडात गेली, भाकरी भाजताना बोटं भाजली, विंचू चावला, आणि हे सगळं कशासाठी, तर तिच्या लेकीचा रंग कुणाला कळू नये म्हणून. आणि तो रंग आला कुठून, तर तिच्याकडून. म्हणजे गुन्हाही तिचाच आणि शिक्षाही तिलाच. सांगताना आजही माझी कानशिलं तापतात.

मला वाटलं, आता माय पातेलं आपटेल. तिनं ते हळूच खाली ठेवलं. विंचवानं चावलेलं बोट तिचं अजून बधिर होतं, ते ती दुसऱ्या हातानं चोळत राहिली. एकदा वर छताकडं बघितलं. वर काय दिसणार, काळोखच.

मी मात्र गप्प बसले नाही. गळ्यातली मोहनमाळ काढून आत्याच्या मांडीवर टाकली आणि सांगितलं की मी बसणार नाही, काय करायचं ते करा. आवाज ऐकून आण्णा आत आले. पाहुण्यांची गाडी वेशीत आलीय, आता तमाशा केलास तर माझ्याइतका वाईट कुणी नाही, म्हणाले. मी म्हणाले, तमाशा तुम्हीच चार वर्षांपूर्वी केलाय. त्यांनी हात उगारला. तेवढ्यात माय मध्ये आली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून मला पाटावर बसवलं.

"बस तू," म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले, पण त्या अंधारात कुणाच्या तोंडावर काय आहे हे कुणाला कळतंय? मला वाटलं, हिनंही हात टेकले. त्या क्षणी आण्णांपेक्षा, आत्यापेक्षा मला मायचा राग आला. जिच्यासाठी मी एवढी भांडले तीच मला पाटावर बसवते म्हटल्यावर काय बोलायचं? मी माळ परत घालून घेतली आणि दगडासारखी बसले.

पाहुणे तिघं होते. मुलगा, त्याचे वडील माणिकराव आणि त्याची आई. उन्हातून आल्यामुळं त्यांना आत आल्यावर काहीच दिसेना. माणिकरावांचं डोकं तुळईला लागलं. मुलगा जात्याला अडखळला. आत्यानं हाताला धरून एकेकाला जागेवर बसवलं आणि वर कौतुकानं सांगितलं की जुनं बांधकाम आहे, आत कसं गार वाटतं बघा. मला तिनं पार आतल्या कोपऱ्यात बसवलं होतं, उतरंडीच्या शेजारी. चिमणी माझ्यापासून लांब, भिंतीतल्या देवळीत.

मुलाची आई डोळ्यांनी अधू असावी. ती पदर सावरून बसली आणि मोठ्या मायेनं उतरंडीला विचारायला लागली, "नाव काय गं बाळ तुझं?"

उतरंड काही बोलली नाही. आत्या पुढं सरकली आणि तिचा रोख माझ्याकडं वळवून दिला. दुसरी वेळ असती तर मला हसू आवरलं नसतं. मी नाव सांगितलं, प्रयाग. शिक्षण सांगितलं, सातवी. पुरणाची पोळी येते का, येते. भरतकाम येतं का, येत होतं, आता दिसत नाही म्हणून सोडलं. शेवटचं आत्यानं खोकून झाकलं. मग माणिकराव म्हणाले की मुलीला जरा चालून दाखवू द्या. चालले. त्यांना काय दिसलं देव जाणे, पण समाधान झाल्यासारखे हुंकारले. मुलाच्या आईनं एकदा, अगदी साधेपणानं, विचारलं की जरा पुढं ढाळजेत बसलं तर नाही का चालणार. आत्या म्हणाली, आमची पोरगी लाजाळू हाय.

पोहे पुढ्यात आले. ते शेजारच्या म्हातारीनं आणून दिले, माय आली नाही. आत्यानं हाक मारली, "कौसे, चहा आन." उत्तर नाही. आत्यानं पुन्हा हाक मारली. आण्णा चुळबुळत उठायला लागले.

तेवढ्यात वर धप्प झालं.

माळवदावर मांजरं फिरतात, कुणी लक्ष दिलं नाही. आण्णांनी तसं सांगितलंही. दुसऱ्यांदा धप्प झालं तेव्हा माणिकरावांच्या पोह्यात बचकभर पांढरी माती पडली. ते ताट घेऊन मागं सरकले. तिसऱ्या घावाला माती आत्याच्या डोक्यावर, पोह्यांवरच्या मोहरी-कोथिंबिरीवर, पाहुण्यांच्या टोपीवर, सगळीकडं. पहार दगडावर घासल्याचा आवाज आला. कुणीतरी वर जोर लावत होतं, दम खात होतं, पुन्हा जोर लावत होतं. मग फरशी सरकली, आणि परातीएवढं ऊन धाडकन माजघरात येऊन पडलं.

आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. उघडून बघतो तर धुळीचा लोट, मधोमध पोह्यांच्या ताटल्या आणि वरच्या मोक्यातून डोकावणारी माझी माय. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर माती, हातात पहार. बायका माळवदावर चढत नाहीत त्या घरातली बाई.

"प्रयागे," ती म्हणाली, "तिथं कोपऱ्यात नको. उजेडात ये."

मी उठले आणि मधोमध जाऊन उभी राहिले. ऊन थेट माझ्या तोंडावर आलं. पावडर, माती, घाम, जे काय होतं ते सगळं दिसत असणार. मी मान खाली घातली नाही.

माय वरून सावकाश बोलली. ओरडली नाही. "पाहुणं, नीट बगून घ्या. माझी लेक काळी हाय, माझ्यावानी. बगा आन मग हो म्हना, न्हाईतर न्हाई म्हना. मलाबी असंच अंधारात दावलं हुतं. मी पाटावर बसले तवा सोळाची हुते, मला काय ठावं. पन तवापासनं ह्या घरात एक दीस असा गेला न्हाई, की मला फसवून दिली म्हनून ऐकावं लागलं न्हाई. फसवलं ते मोठ्या मानसांनी, ऐकलं मी. माझी लेक ते ऐकनार न्हाई."

आण्णा रागावले की म्हणायचे, "फसवलं रे मला, आयुष्याचं वाटोळं केलं." मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला वाटायचं, कुणीतरी जमिनीच्या व्यवहारात फसवलं असेल. ते मायला उद्देशून असायचं, तिच्या देखत, तिच्या हातची भाकरी खाताना, हे मला त्या उजेडात उभं राहिल्यावर कळलं. मी आण्णांकडं वळले. ते भिंतीकडं बघत होते.

मोठा अपमान झाल्यासारखे माणिकराव उठले. टोपी झटकली. आत्या त्यांच्या मागं धावली, उन्हानं भावजयीचं डोकं फिरलंय म्हणाली. मुलाच्या आईनं जाता जाता माझ्याकडं बघितलं, ह्या वेळी बरोबर माझ्याकडंच, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नवऱ्यानं हाक मारल्यावर तीही गेली. मुलगा शेवटी उठला. शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवत असेल. त्यानं मला उन्हात डोळे भरून बघितलं, एकदा बापाच्या पाठीकडं बघितलं आणि मुकाट बापाच्या मागून चालायला लागला.

तोपर्यंत शेजारच्या माळवदांवर निम्मं गाव जमलं होतं. माय शिडीवरून उतरली, हातपाय धुतले आणि चूल पेटवली. धूर सरळ वर गेला. त्यादिवशी आम्ही दोघीच जेवलो. मघाशी मला आलेला तिचा राग तिला कळला होता की नाही, कुणास ठाऊक. मी तिच्या ताटात पिठल्याचा मोठा गोळा वाढला, ती नको नको म्हणत राहिली.

आठ दिवस आण्णा घरात कुणाशी बोलले नाहीत. मग आत्याकडून निरोप आला. निरोप घेऊन आलेला माणूस ढाळजेत बसून आण्णांना सांगत होता आणि मी दाराआडून ऐकत होते. पाहुण्यांचं म्हणणं असं की मुलगी नापसंत नाही. रंगाचं आम्ही एवढं काही मनात धरत नाही. पण मुलीची माय लई तिखट, असल्या घरची सोयरीक नको.

रंगाचं मनात धरत नाही. मग कशासाठी माझ्या मायनं चार वर्षं भरदिवसा रात्र काढली? कुणी विचारलं होतं त्या लोकांना? आधीच काळोख करून ठेवायचा आणि मग पुढचा माणूस अंधारातलंच मागतोय म्हणायचं. मी दाराआडून बाहेर आले आणि त्या निरोप्याला सांगितलं, "त्यांना म्हणावं, माय तिखट हाय ते बरंच झालं. लेकही तशीच हाय." तो चहा न घेता गेला. माझं लग्न पुढं झालं, भर अंगणात, भर उन्हात बघून झालं, पण ती गोष्ट निराळी.

आण्णांचा मात्र त्या निरोपानं तोल गेला. नालस्ती झाली, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, असं बोलत ते उठले. माळवदावरून उतरवून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवलेली ती फरशी त्यांनी खांद्यावर घेतली आणि शिडी चढायला लागले. पहिल्यासारखं करून टाकतो, म्हणाले. बघतो कोण अडवतंय.

मी धावत माजघरात आले. माय सवण्याखाली बसून तूर निवडत होती. मी तिला सांगितलं, आण्णा बुजवायला वर चढलेत. तिनं ऐकलं. उठली नाही. सूप जरा उन्हात सरकवून घेतलं आणि निवडायला लागली. मी दारातच उभी राहिले.

वर पावलं वाजली. फरशी टेकवल्याचा आवाज झाला, निम्म्या सुपावर सावली आली. मायनं हात थांबवला नाही. घरात दुसरं कुणी नाही म्हणून तिचा डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता आणि ऊन सरळ तिच्या माथ्यावर पडत होतं. आण्णांनी फरशी सरकवायला हात घातला आणि वाकून खाली बघितलं. वाकले ते तसेच राहिले. मला वाटलं, आता काहीतरी वाईट बोलणार.

मग वरून त्यांचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता असा बारीक.

"अगं, तुझं डोकं कवा पिकलं?"

"अंधारात," माय म्हणाली, आणि सुपातला खडा वेचून तिनं बाजूला टाकला.